तुझा प्लेअर भारी की माझा?

या आठवड्यात एकाच पाकिटातून दोन पत्रं आली. एक जळगावच्या सातवीतल्या मुलाचं, दुसरं धुळ्याच्या नववीतल्या त्याच्या आतेबहिणीचं. मुलाला बाबांच्या जुन्या कपाटात एक पोर्टेबल सीडी प्लेअर सापडला. ताईनं आपल्या आईचा, म्हणजे त्याच्या आत्याचा, कॉलेजातला प्लेअर माळ्यावरून खाली काढला. गंमत म्हणजे दोन्ही चालू! मग काय, दिवाळीची अर्धी सुट्टी भांडणात गेली. "माझ्यावर चाळीस सेकंद लिहिलंय, तुझ्यावर दहाच!" "तुझा नुसता प्लास्टिकचा, माझा बघ कसा वजनदार!" शेवटी ताईनं अस्सल अहिराणीत निकाल देऊन टाकला, "मना प्लेअर भारी शे!" आणि आता दोघं म्हणतात, काका, खरा निकाल तुम्ही लावा.

पत्राच्या खाली मात्र दोन ओळी वेगळ्या शाईत आहेत. "घरी एक सीडी आहे. २००६ साली आखाजीला आजीनं म्हटलेली गाणी तिच्यावर आहेत. आजी आता नाही. ती सीडी धुळ्याच्या प्लेअरवर लागते, जळगावच्यावर लागत नाही. आणि चौथ्या गाण्यावर धुळ्याचाही अडखळतो. असं का?"

पहिला प्रश्न मजेचा, दुसरा महत्त्वाचा. दोन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. म्हणून आधी पहिला घेऊ. पण निकाल मी लावणार नाही, बरं का. तो लावायचा कसा, ते सांगतो. तुमच्या घरीही असा एखादा प्लेअर धूळ खात पडला असेल तर त्यालाही हे लागू आहे.

चकलीएवढी सोपी गोष्ट

सीडी हातात घ्या. बोटं फक्त कडेला आणि मधल्या भोकाला लावा हं! रुंदी १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची ही चकती. तिच्या पाठीवर आरशासारखा ॲल्युमिनियमचा पातळ थर, त्यावर लाखेसारखं एक आवरण आणि त्यावर छापील चित्र. प्लास्टिकमध्ये अतिशय बारीक खड्डे एकामागे एक ओळीनं उमटवलेले असतात. ही ओळ मधून सुरू होते आणि चकलीसारखी फिरत फिरत बाहेरच्या कडेपर्यंत जाते.

चकली किती बारीक? दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत चाळीसेक वेढे सहज मावतील. आणि ७४ मिनिटांच्या सीडीवरची ही सगळी चकली उलगडून सरळ केली तर तिची लांबी पाच किलोमीटरहून जास्त भरते! जळगावहून असोद्याला जायचं अंतर साधारण तेवढंच. असोद्याचं नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

प्लेअरचं झाकण उघडलंत की एक छोटंसं भिंग दिसतं. झाकण लागलं की त्यातून लेसरचा किरण खालून सीडीवर पडतो. सपाट जागेवरून उजेड नीट परत येतो, खड्ड्यावरून कमी येतो. या कमी-जास्तीतून प्लेअर शून्य आणि एक असे आकडे वाचतो. म्हणजे सीडीवर गाणं नसतंच, गाण्याची मोजमापं असतात. गाताना आवाजाची लाट सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असते, आणि तीही डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळी. प्लेअर या आकड्यांवरून पुन्हा लाट बनवतो आणि हेडफोनमध्ये सोडतो.

आणखी एक गंमत. सीडी एकाच वेगानं फिरत नाही. आतल्या लहान वेढ्यांवर ती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, बाहेरच्या मोठ्या वेढ्यांवर सुमारे २००. मैदानावर आतल्या छोट्या वर्तुळात धावणाऱ्याला जास्त फेऱ्या माराव्या लागतात आणि बाहेरच्याला कमी, तसंच हे. भिंगाखालून ओळ मात्र कायम एकाच चालीनं सरकते.

लाकडाचा ठोकळा

सीडी ही जपानची सोनी आणि नेदरलँड्सची फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून घडवलेली वस्तू. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा पहिला प्लेअर, सीडीपी-१०१, जपानच्या दुकानांत आला. टेबलावर ठेवायचं चांगलं मोठं धूड होतं ते. किंमत १,६८,००० येन! इतका महाग प्लेअर घेणार कोण?

तेव्हा सोनीचे कोझो ओसोने यांनी एक साधी युक्ती केली. त्यांनी साधारण १३ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ४ सेंटिमीटर जाड असा लाकडाचा ठोकळा आपल्या इंजिनिअरांपुढं ठेवला. प्लेअर एवढाच व्हायला हवा, आत काहीही करा! १२ सेंटिमीटरच्या सीडीला १३ सेंटिमीटरचं घर. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये तो तयार झाला. नाव डी-५०, किंमत ४९,८०० येन. पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पोटात बॅटरीला मात्र जागा उरली नाही. तिचा डबा वेगळा जोडावा लागे. जगातला हा पहिला पोर्टेबल सीडी प्लेअर. पुढं अशा प्लेअरना लोक सर्रास डिस्कमन म्हणू लागले, मग कंपनी कुठलीही असो.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी कॅसेटचंच राज्य होतं. कॉलेजच्या कट्ट्यावर कुणी सीडी प्लेअर काढला की भोवती कोंडाळं जमायचं. आत्याचा तो प्लेअर माळ्यावर एवढा जपून का ठेवला होता, ते आता कळलं ना?

भांडणाआधी चार नियम

तुलना करायची म्हणजे नुसतं "माझं भारी" म्हणायचं नाही. क्रिकेटचा सामना जसा एकाच खेळपट्टीवर होतो तसंच इथंही.

पहिला नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला. तीच सीडी, तेच गाणं, तोच हेडफोन. बदलायचा तो फक्त प्लेअर. एकाला नवा हेडफोन आणि दुसऱ्याला फाटक्या वायरचा लावलात तर तुलना हेडफोनची होईल, प्लेअरची नव्हे.

दुसरा नियम: आवाज सारखा ठेवा. आपल्या कानाची एक खोड आहे. तीच चीज थोडी मोठ्यानं ऐकवली की ती जास्त चांगली वाटते. म्हणून दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल इतका जुळवून घ्या. बास वाढवायचं बटण दोन्हींवर बंद ठेवा.

तिसरा नियम: डोळे झाका. डोळ्यांना दिसलं की आपला प्लेअर कुठला, की कान लगेच पक्षपाती होतात.

चौथा नियम, आणि हा सगळ्यात मोठा: गुण आधी ठरवा, चाचणी नंतर घ्या. कुठल्या कामाला किती गुण, ते कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. नाहीतर ज्यात आपण जिंकलो त्याच विषयाला नंतर शंभर गुण दिले जातात. मोठी माणसंसुद्धा असं करतात बरं का!

पाच चाचण्या

*१. कानांची चाचणी.* एकानं डोळे बांधून बसायचं. दुसऱ्यानं नाणं उडवायचं. छापा आला तर जळगावचा प्लेअर, काटा आला तर धुळ्याचा. गाणं सुरू झाल्यावरच हेडफोन कानाला लावायचा, नाहीतर सीडी फिरू लागतानाचा आवाज चुगली करेल. ओळखायचं, कुठला? असं दहा वेळा करा आणि उत्तरं लिहून ठेवा.

आता थोडं गणित. नुसती नशिबानं उत्तरं दिली तरी दहातली पाचेक बरोबर येणारच. सात बरोबर आली तर हुरळून जाऊ नका. नुसता अंदाज ठोकणाऱ्या सहा जणांतल्या एकाची तरी सात किंवा जास्त उत्तरं बरोबर येतात. पण दहाच्या दहा बरोबर? नशिबानं असं होण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक. दहा वेळा दोन लिहून सगळ्यांचा गुणाकार करून पाहा, हाच आकडा येईल. तेव्हा दहा बरोबर आली तर खरंच फरक आहे असं समजा. पाच-सहाच आली तर दोघांनी हात मिळवा. निदान तुमच्या कानांना दोन्ही प्लेअर सारखेच आहेत.

*२. धक्क्याची चाचणी.* झाकणावर लिहिलेले ते दहा सेकंद, चाळीस सेकंद म्हणजे काय? आपल्याकडे नळाला पाणी रोज येतंच असं नाही. तरी आंघोळ चुकत नाही, कारण टाकी भरलेली असते. इथंही तसंच. हे प्लेअर सीडी लागते त्याहून जास्त वेगानं वाचून ठेवतात आणि जादाचे आकडे छोट्या स्मृतीच्या टाकीत साठवतात. धक्का बसून भिंगाची ओळ चुकली तरी गाणं टाकीतून चालू राहतं. तेवढ्यात भिंग पुन्हा ओळ शोधून काढतं. अगदी सुरुवातीच्या प्लेअरना ही टाकीच नव्हती.

पण चाळीस सेकंदवाला चौपट चांगला का? नाही! एका खड्ड्यात भिंग क्षणभरच चुकतं. तेवढ्याला दहा सेकंदांची टाकी पुरून उरते. धक्क्यामागून धक्के बसत राहिले तरच मोठ्या टाकीचा फायदा. शिवाय मोठी टाकी कमी जागेत बसवायला काही प्लेअर आकडे दाबून, थोडे गाळून ठेवत. आणि सीडी जास्त वेगानं फिरवायची म्हणजे बॅटरीही जास्त खाणार. कुठलीही सोय फुकट येत नाही.

चाचणी कशी घ्याल? प्लेअर आपटायचा नाही! जळगावहून पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जाणारी एसटी आहेच की. मात्र दोन्ही प्लेअर एकाच सीटवर हवेत. मागच्या चाकावरच्या सीटला बसणारा दणका आणि पुढच्या सीटचा दणका यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एरंडोलपर्यंत एक, परत येताना त्याच रस्त्यावर दुसरा. गाणं किती वेळा अडखळलं, त्याच्या रेघा वहीत ओढा. आवाज इतपतच ठेवा की कंडक्टरकाकांची हाक ऐकू येईल.

*३. बॅटरीची चाचणी.* दोन्हींत एकाच जातीच्या, पूर्ण भरलेल्या चार्जिंगच्या बॅटऱ्या घाला. आवाज सारखा, सीडी तीच. म्हणजे एकामागून एक घ्यावी लागेल. सुरू केल्याची आणि बंद पडल्याची वेळ लिहा. टाकीचं बटण बंद करता येत असेल तर तसंही एकदा करून पाहा आणि किती तास वाढले ते मोजा.

*४. ओरखड्याची चाचणी.* घरात एखादी ओरखडे पडलेली, नको असलेली सीडी असते. ती दोन्हींवर लावा. कुठला प्लेअर किती ठिकाणी अडतो?

इथं एक नवल सांगतो. सीडीवर बारीक ओरखडा असूनही गाणं नीट लागतं, ते कसं? किराणा दुकानाची पावती आठवा. चार वस्तूंच्या किमती आणि खाली बेरीज. एक किंमत शाई पसरून पुसली गेली तर? बेरजेतून बाकीच्या वजा करा, पुसलेली मिळाली! सीडीवर आकड्यांबरोबर अशाच हुशार बेरजा कोरलेल्या असतात. अमेरिकेतले आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० साली मांडलेल्या रीतीचं हे काम. वर आणखी एक युक्ती. लागोपाठचे आकडे शेजारी शेजारी न ठेवता दूरदूर विखरून ठेवतात. त्यामुळं एका ओरखड्यानं एकाच सुराचा पार सत्यानाश होत नाही. ओळीवर सुमारे अडीच मिलिमीटरचा डाग असला तरी प्लेअर हरवलेले आकडे परत काढू शकतो.

म्हणूनच सीडी पुसताना गोल गोल पुसू नका. मऊ, कोरड्या सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा. गोल ओरखडा पडला तर तो ओळीच्या बाजूनं लांबवर जातो, आणि मग बेरजाही हात टेकतात. आणि चकाकणाऱ्या बाजूपेक्षा चित्राची बाजू जास्त जपा. खरी ओळ चित्राच्या अगदी खाली असते, तिच्यावर फक्त ते पातळ आवरण. तिथं ओरखडा गेला तर चांदीच निघते, आणि ती कुठल्याही कापडानं परत येत नाही.

*५. भाषांची चाचणी.* सगळ्या सीडी दिसायला सारख्या, पण आतली भाषा वेगळी. गाण्यांची साधी सीडी सगळे प्लेअर वाचतात. एमपी३ गाण्यांची सीडी मात्र ज्याच्यावर तसं लिहिलेलं आहे तोच वाचतो. लग्नाची किंवा सिनेमाची व्हीसीडी घातलीत तर गाण्यांचा प्लेअर बिचारा गप्प बसेल. त्यात त्याचा दोष नाही, तिच्यावर चित्रं आहेत. पुन्हा पुन्हा पुसून लिहायच्या सीडीवरून उजेड फार कमी परत येतो, त्यामुळं जुने प्लेअर तिला ओळखतच नाहीत. आणि घरी किंवा दुकानात एकदाच लिहिलेली सीडी? काही प्लेअर वाचतात, काही कुरकुरतात.

थांबा! आजीची सीडी याच जातीची ना?

आजीची सीडी का रुसली?

कंपनीतून येणाऱ्या सीडीवर साच्यानं दाबलेले खरे खड्डे असतात. दुकानात लिहून घेतलेल्या सीडीवर खड्डे नसतात. तिथं एका रंगाचा पातळ थर असतो. म्हणून तर तिची पाठ कधी हिरवट, कधी निळसर दिसते. लिहिणारा लेसर त्या रंगावर ठिपके भाजत जातो. वाचणाऱ्या लेसरला ते ठिपके खड्ड्यांसारखे वाटतात. रंगामागं चांदीसारखा थर असतो. काही सीडींवर तर चक्क सोन्याचा थर असे, कारण सोनं काळं पडत नाही. जळगावच्या सराफ बाजारात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण रंग तो रंगच. खिडकीतल्या पडद्याचा रंग उन्हानं उडतो ना? तसाच हाही ऊन, उष्णता आणि वर्षं यांच्यामुळं हळूहळू विटत जातो. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांच्या वर जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. भाजलेले ठिपके आणि न भाजलेली जागा यांतला फरक पुसट झाला की वाचणाऱ्याला अंदाज करावा लागतो. ज्या प्लेअरचा लेसर अजून ताजा आणि भिंग स्वच्छ, तो वाचतो. ज्याचं भिंग धुळीनं माखलंय किंवा लेसर थकलाय, तो "सीडी नाही" म्हणून मोकळा होतो. सीडीची अनुक्रमणिका सगळ्यात आतल्या वेढ्यांत असते. ती वाचता आली नाही की पुढचं सगळं असूनही नसल्यासारखं!

चौथ्या गाण्याचं कारण आता तुम्हीच सांगाल. तिथं एक तर ओरखडा असेल, नाहीतर रंग जास्त विटला असेल. आणि जे आज चौथ्या गाण्याचं झालं तेच उद्या पाचव्याचं होऊ शकतं.

तेव्हा मुलांनो, गुणपत्रिकेत एक रकाना वाढवा: "दुसऱ्या कुठं न मिळणारी सीडी वाचतो का?" बाजारातल्या गाण्यांची सीडी खराब झाली तर ते गाणं आणखी शंभर ठिकाणी मिळेल. आजीचा आवाज या एका चकतीवर आहे. एसटीत जळगावचा चाळीस सेकंदवाला जिंकेल कदाचित. पण या कामात धुळ्याचा प्लेअर आत्ताच पुढं आहे, आणि त्याच्याकडून हे काम लवकर करून घ्यायला हवं.

असोद्याची आठवण

असोदा लक्षात ठेवायला सांगितलं होतं ना? १८८० साली तिथं बहिणाबाई जन्मल्या आणि लग्न होऊन जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर काम करता करता त्या गाणी रचत आणि म्हणत. त्यांच्या मुलानं, कवी सोपानदेव चौधरी यांनी, ती टिपून ठेवली. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. आज ती शाळेच्या पुस्तकात आहेत. जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

शब्द वाचले ते कुणीतरी वेळेवर कागद-पेन्सिल घेतली म्हणून. पण कागदावर शब्द उतरतात, आवाज उतरत नाही. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात त्यांची गाणी आली तेव्हा चाली वसंत पवार यांनी दिल्या आणि गळा गायिकांचा होता. सुंदरच आहेत ती. पण जात्यावर बसलेल्या माणसाचा श्वास, मध्येच हसणं, मागं कुणीतरी हाक मारलेली, हे सगळं फक्त आवाजाच्या नोंदीतच राहतं. म्हणून तर हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी वर्षानुवर्षं महाराष्ट्रातल्या खेड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी खुद्द म्हणणारीच्या आवाजात साठवलेल्या आहेत.

तुमच्या आजीची आखाजीची गाणी, कानबाईची गाणी ही त्याच जातीची दौलत आहे.

मग करायचं काय?

१. ती सीडी आता हौसेनं पुन्हा पुन्हा लावू नका. पुसून डबीत उभी ठेवा, उन्हापासून लांब.

२. ज्यांच्या कॉम्प्युटरला सीडीचं खण आहे अशा ओळखीच्यांकडे मोठ्या माणसांबरोबर जा. वायरनं जोडायचं सुटं खणही मिळतं. गाणी न दाबता, वेव्ह प्रकारात उतरवून घ्या. मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागेल, लागू द्या. चौथं गाणं एका खणात वाचलं गेलं नाही तर दुसऱ्या, तिसऱ्या खणात करून पाहा. प्लेअरसारखेच खणही कुणी कडक, कुणी समजूतदार असतात.

३. कुठलंच खण वाचत नसेल तर धुळ्याचा प्लेअर आहेच. त्याच्या लाइन-आउटच्या भोकातून, ते नसेल तर हेडफोनच्या, वायर काढून आवाज आत घेणाऱ्या यंत्राला जोडा आणि गाणी लावून नोंदवून घ्या. सीडीभर वेळ लागेल. घरातल्यांना तेवढा वेळ कुकरची शिट्टी करू द्या, वायरीतून ती आत येत नाही!

४. प्रती दोन करा. एक जळगावला, एक धुळ्याला. एकाच कपाटातल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत.

५. आणि वही काढा. गाणं कुठलं, कुणी म्हटलं, मागचे आवाज कुणाचे, गाव कुठलं, दिवस कुठला, सगळं लिहा. अहिराणी शब्दांचे अर्थ आत्याला, बाबांना, शेजारच्या आजींना विचारून लिहा. चौथ्या गाण्यात अडखळणारे शब्द त्यांच्यापैकी कुणाला तरी पाठ असतील. यंत्राला जिथं जमत नाही तिथं माणसाला विचारायचं. सोपानदेवांनी हेच केलं होतं.

आई-बाबांसाठी चार ओळी

जुना प्लेअर मुलांच्या हाती देताना बॅटरीचं झाकण आधी उघडून पाहा. आत पांढरी भुकटी जमली असेल तर ती मुलांना हात लावू न देता तुम्हीच कोरड्या ब्रशनं साफ करा. घरातला मिळेल तो ॲडॉप्टर खुपसू नका. प्लेअरवर लिहिलेले व्होल्ट आणि प्लस-मायनसची खूण जुळली तरच लावा, एरवी बॅटरीच बरी. लेसर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून झाकण उघडं ठेवून प्लेअर चालवायच्या युक्त्या कुणालाही करू देऊ नका. आणि या रविवारी घरातल्या सगळ्या सीडी एकदा मुलांबरोबर बाहेर काढा. बारशाची, लग्नाची, शाळेच्या गॅदरिंगची, कुणाच्या भाषणाची. बाजारात मिळणाऱ्या एका बाजूला, कुठंच न मिळणाऱ्या दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या ढिगाकडे आधी लक्ष द्या.

डोकं चालवा!

एका कानासाठी सेकंदाला ४४,१०० मोजमापं. कान दोन. तर एका मिनिटात प्लेअर एकूण किती मोजमापं वाचतो?

जळगाव-धुळ्याच्या पाहुण्यांनो, पाच चाचण्यांचे गुण आणि चौथ्या गाण्याची बातमी मला नक्की कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच.

(उत्तर: ५२,९२,०००)